मृगाआधी सफरचंदाचा सांधा उघडा करा

रोहिणी निम्म्यावर आली आहे. वळवाच्या एकदोन सरी कुठेकुठे पडूनही गेल्या. आपल्या रानात ज्यांनी सफरचंद लावलंय, त्यांनी हे वाचून झालं की खुरपं घ्यावं आणि बागेत जावं. खत, फवारणी, छाटणी सगळं नंतर. आधी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बसा आणि कलमाचा सांधा शोधा, म्हणजे वरच्या जातीची काडी खालच्या मुळाच्या झाडाला, खुंटाला, जिथे जोडलीय ती जागा. खोडाला जिथे गाठ किंवा किंचित बाक दिसतो आणि वरखालची साल वेगवेगळी वाटते, तो सांधा. तो जमिनीच्या वर वीतभर असेल तर तुमची निम्मी काळजी मिटली. चार बोटं वर असला तरी यंदा निभावेल. सांधा दिसतच नसेल, तर ते झाड या पावसाळ्यात जाणार असं धरून कामाला लागा.

कमी थंडीचं सफरचंद आपल्याकडे आल्यापासून मी अशा बागा पाहत फिरतोय. मेलेलं झाड दिसलं की ते उपटून बघायची मला सवय लागली आहे. काही झाडं वाळवीनं गेलेली असतात, काही बोअर आटल्यामुळे, काही उन्हानं. पण सगळ्यात जास्त वेळा हातात काय येतं, तर सांधा चार ते सहा इंच मातीखाली आणि त्याच्याभोवतीची साल तपकिरी होऊन बोटानं निघून येणारी. मुळं पुष्कळदा जिवंतच असतात. खोडाचा गळपट्टा, म्हणजे मातीलगतचा भागच तेवढा कुजलेला. चांगली तीन वर्षं जोपासलेली, पहिल्या फळाला आलेली झाडं अशी गेलेली मी पाहिली आहेत.

मालक एकच सांगतो: "लावताना सांधा वरच होता हो."

ते खरंच असतं. सांधा लावताना गाडला जात नाही, नंतर गाडला जातो. आपण दोन बाय दोनचा खड्डा घेतो, त्यात पाटीभर शेणखत आणि भुसभुशीत माती भरतो, वर कलम ठेवतो. पहिल्या पावसात खड्डा दबतो आणि झाड मातीसकट तीनचार इंच खाली बसतं. मग आळ्यात पाणी साचतं म्हणून आपण भर लावतो. भर लावणं ही तर आपल्या हाडात मुरलेली गोष्ट आहे. उसाला लावतो, हळदीला लावतो, केळीला लावतो, तशीच प्रेमानं सफरचंदालाही लावतो. त्यावर गडी तण काढून ते बुंध्याशीच टाकतो. पाऊस वरच्या अंगाची माती वाहून आणून आळ्यात ओततो. दोन वर्षांत सांधा नाहीसा झालेला असतो आणि कुणी काही चूक केलेली नसते.

विदर्भातल्या संत्रावाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगानं, बागाच्या बागा गेलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून नर्सरीत कलम घेताना ते आधी सांधा किती उंच आहे ते पाहतात, पाणी खोडाला लागू न देणाऱ्या बांगडी आळ्यानं देतात आणि पावसाच्या आधी खोडाला बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप देतात. संत्र्याचा डिंक्या आणि सफरचंदाची बुंधाकूज ही दोन्ही फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंच्या घराण्यातली दुखणी. या घराण्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. माती तासन्‌तास पाण्यानं तुडुंब राहिली की ते मुळाशी, सालीशी येऊन चिकटतात. वाफशावर असलेल्या जमिनीत त्यांना हलताच येत नाही. तेव्हा लढाई औषधाची नाही, पाण्याची आहे.

आता सांध्याचंच एवढं का, तेही सांगतो. सफरचंद बी लावून मिळत नाही. फुलाला परागकण दुसऱ्या जातीच्या झाडाचे लागतात, त्यामुळे एका फळातल्या पाच बिया लावल्या तर पाच तऱ्हांची झाडं येतात आणि त्यातली बहुतेक आंबट, बारीक फळांची निघतात. कझाकस्तानातल्या तियान शान डोंगरात सफरचंदाचं मूळ रान आहे. तिथल्या अल्माटी शहराच्या नावातच ‘अल्मा’ म्हणजे सफरचंद आहे. निकोलाय वाविलोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ १९२९ मध्ये तिथे गेला, तेव्हा शहराभोवतीच्या डोंगरउतारांवर रानटी सफरचंदाची जंगलं होती. त्या जंगलात प्रत्येक झाड वेगळं. त्यातलं एखादं गोड निघालं, तर ते टिकवायचा एकच मार्ग होता, त्याची काडी दुसऱ्या झाडावर बांधायची. आज बाजारात दिसणारं प्रत्येक नावाजलेलं सफरचंद असं सांध्यावर जगतंय. न्यूटनच्या अंगणातलं झाड ‘फ्लॉवर ऑफ केंट’ जातीचं. त्याची कलमं जगभर गेली, पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातही लावली गेली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं झाड आणि ही कलमं, मधली साखळी नुसत्या सांध्यांची.

अमेरिकेत ‘जॉनी ॲपलसीड’ म्हणून लोककथा झालेला जॉन चॅपमन नावाचा माणूस होता. जन्म १७७४ चा. तो ओहायो, इंडियाना भागात बियांपासून सफरचंदाच्या रोपवाटिका करत हिंडला, कारण कलम करणं म्हणजे झाडाला दुखवणं, असं तो मानायचा म्हणतात. त्याच्या झाडांची बरीचशी फळं खायला नाही, दारू गाळायला गेली. भला माणूस होता, पण बागायतदारानं त्याच्या वाटेनं जाऊ नये.

आपल्याकडे बहुतेकांनी लावलेली जात एचआरएमएन-९९. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातलं पनियाला गाव समुद्रसपाटीपासून १८०० फुटांवर, म्हणजे सफरचंदाच्या मानानं उष्णच. तिथले शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ मध्ये घरी खायला आणलेल्या सफरचंदांच्या बिया परसात टाकल्या. पुढच्या वर्षी त्यांना तिथे एक रोप दिसलं. ते त्यांनी उपटलं नाही. २००१ मध्ये त्याला फळ लागलं. त्यांनी ते मातृवृक्ष म्हणून राखलं, त्याच्या काड्या घेऊन कलमं बांधली आणि २००५ पर्यंत छोटी बाग उभी केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी हिमाचलात सफरचंद म्हणजे कोटगढची उंच थंड बाग, जिथे सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून रेड डेलिशियस आणून लावलं. त्या बागेपासून पनियालाच्या परसापर्यंत यायला सफरचंदाला ऐंशीएक वर्षं लागली.

पण नीट ध्यानात घ्या. उष्णता सोसते ती वरची काडी. ओली माती सोसायची की नाही, ते खालचा खुंट ठरवतो. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग केंद्रात गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून खुंट निवडण्याचं काम झालं. एमएम मालिकेतले खुंट तर लोकरी मावा ही कीड मुळांवर बसू नये म्हणून मुद्दाम संकरातून काढलेले. त्यातला एमएम-१११ बुंधाकुजीला बराच टिकतो आणि पाण्याचा ताणही सोसतो. एमएम-१०६ मात्र ओल्या भारी जमिनीत लवकर कुजतो. सांधा मातीत गेला की तुम्ही घेतलेला खुंट चांगला असून नसल्यासारखा होतो, कारण आता ओल्या मातीला वरच्या जातीचीच साल टेकलेली असते. शिवाय ती साल मातीत स्वतःची मुळं सोडते. झाड मग खुंटाचं ऐकत नाही, नुसतं माजतं आणि फळ लांबणीवर पडतं.

नर्सरीवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: खुंट कोणता? तो "ओरिजिनल हिमाचलचा" म्हणाला तर ते उत्तर नव्हे. खुंटाचं नाव सांगता येत नसेल तर तिथून कलम घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

आता रोग कसा ओळखायचा ते. मागच्या भाद्रपदात एका शेतकऱ्यानं मला मोठ्या आनंदानं बागेत नेलं. काही झाडांची पानं जांभळट लाल झाली होती. "बघा, काश्मीरसारखी पानं लाल झाली," म्हणाले. मी बुंध्याशी बसून चाकूनं साल खरवडली. आतला भाग विटकरी तपकिरी आणि जिवंत पांढऱ्या भागाशी त्याची रेघ अगदी ठळक. त्या घरातली मुलं त्या लाल पानांसोबत फोटो काढत होती, मला बोलवेना. आपल्या हवेत भाद्रपदात सफरचंदाचं पान लाल होण्याचं काही कारण नाही. पान लहान पडतंय, फिकट होतंय, शेंडा जुलैतच थांबलाय, एकाच बाजूच्या फांद्या मलूल दिसतात, आणि भाद्रपदात लाली चढते, हे सगळं बुंध्यावरच्या आजाराचं वरून दिसणारं रूप. साल पूर्ण फेरभर कुजली असेल तर झाड वाचत नाही. निम्म्याहून कमी कुजली असेल तर वाचवता येतं.

आणि याच टप्प्यावर दुकानातून बाटल्या येतात. पान पिवळं दिसलं की सूक्ष्म अन्नद्रव्यं, शेंडा थांबला की टॉनिक, मग ह्युमिक, मग ‘पांढरी मुळी’ वाढवायचं काहीतरी. एका बागेत मी मोजल्या, पाच तऱ्हेच्या बाटल्या, आणि त्या सगळ्या ड्रेंचिंगच्या. म्हणजे आधीच तुडुंब असलेल्या आळ्यात प्रत्येक वेळी आणखी पाच लिटर पाणी. दर आठवड्याला. झाड कुपोषणानं आजारी नव्हतं, बुडून मरत होतं, आणि त्याला पाजलं जात होतं. त्या पैशात जेसीबी लावून बागेच्या वरच्या अंगाला चर निघाला असता. दुकानदार वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण चर खोदा असं सांगून त्याचं काही विकलं जात नाही.

तर आता करायचं काय.

सांधा बुजला असेल तर बुंध्याभोवती दीड-दोन फुटांच्या घेरातली माती हातानं आणि खुरप्यानं ओढा. कुदळ नको, साल खरचटते आणि तीच जखम रोगाला वाट देते. पहिलं जाड मूळ लागलं की थांबा. मग महत्त्वाचं: तुम्ही आता एक वाटी तयार केली आहे. काळ्या जमिनीत ही वाटी पावसात भरून राहील आणि आधीपेक्षा वाईट होईल. म्हणून प्रत्येक वाटीच्या उताराकडच्या बाजूनं एक हात रुंद चारी काढून ती ओळीतल्या चरात सोडायचीच. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी माती ओढूच नका, आधी चर काढा. माझ्या पाहण्यात चर काढून सांधा तसाच राहिलेली काही झाडं जगली. सांधा उघडून चर न काढलेली मात्र फारशी नाही.

वरच्या सालीतून फुटलेली मुळं दिसतील. पेन्सिलीपेक्षा बारीक असतील ती सिकेटरनं खोडालगत छाटा आणि लेप लावा. जाड असतील तर निम्मी आता, निम्मी डिसेंबरात. सगळी एकदम काढली की झाड ऐन उन्हात कोमेजतं, असा माझा अनुभव आहे. हे कुठल्या शिफारशीत नाही.

झाड वर्षाचंच असेल आणि खड्ड्यासकट खोल बसलं असेल तर ते उचलून पुन्हा उंच लावता येतं, पण आता नाही. ते काम डिसेंबर-जानेवारीत, पानं झडलेली असताना. तोवर चर आणि लेपावर काढा.

बोर्डो लेप: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद आदल्या रात्री ५ लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत भिजत घाला, चुना दुसऱ्या बादलीत ५ लिटर पाण्यात विझवून घ्या, थंड झाल्यावर दोन्ही एकत्र ओता आणि लाकडी काठीनं ढवळा. लोखंडी भांडं वापरू नका. विळ्याचं स्वच्छ पातं क्षणभर बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा. जमिनीपासून दोन फूट खोडाला ब्रशनं, सांध्याच्या खाली मुळाच्या गळ्यापर्यंत. एकदा आता, एकदा पाऊस उघडल्यावर. विकत मिळणाऱ्या तयार लेपापेक्षा हा स्वस्त पडतो. काही जण यात गेरू मिसळतात. त्यानं लेप पावसात जास्त टिकतो असं मलाही वाटतं.

हा लेप खोडालाच. झाडावर फळ असेल तर बोर्डोची फवारणी करू नका, ताम्रयुक्त औषधानं सफरचंदाच्या सालीवर खरखरीत तपकिरी डाग येतात आणि फळाचा भाव जातो.

कुजलेली साल दिसली तर धारदार चाकूनं जिवंत पांढरा भाग लागेपर्यंत खरवडा, खरवडलेलं गोळा करून बागेबाहेर जाळा, दोन दिवस ऊन-वारा लागू द्या, मग लेप. वाफसा असेल तेव्हाच बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के ३ ग्रॅम प्रति लिटर ओता. रोग पसरलेला असेल तर त्याऐवजी मेटॅलॅक्सिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र औषध २.५ ग्रॅम प्रति लिटर. संत्र्याच्या डिंक्यासाठी हेच प्रमाण रूढ आहे. सफरचंदावर वापरण्याआधी पुड्यावरची माहिती वाचा आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर ताम्राच्या औषधानंतर निदान पंधरा दिवसांनी, १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवून. तेही बुंध्याला नाही, फांद्यांच्या सावलीच्या कडेला.

ठिबकची नळी बुंध्याला टेकलेली असेल तर आजच दीड फूट बाहेर सरकवा. मल्चिंग पेपर खोडाला घट्ट असेल तर तो हातभर कापून उघडा करा. आच्छादन पालापाचोळ्याचं असो की उसाच्या पाचटाचं, खोडापासून एक वीत जागा मोकळी.

बाकी नेहमीची कामं:
– उरलेली फळं पाऊस धरण्याआधी काढणे, पडकी फळं वेचून पुरणे
– फळमाशीचे सापळे
– पाणफुटवे आणि सांध्याखालचे फुटवे काढणे
– नत्र आता नको
– वाळवी, खोडकिड्याची छिद्रं तपासणे
– काठीचा आधार, सुतळी सैल करणे
– बांधावरच्या तणाची कापणी

थंडीबद्दल थोडं, कारण पाऊस संपला की याच विषयावर तुम्हाला गाठलं जाणार आहे. हिवाळ्यातली झोप पुरी होऊन फुलायला रेड डेलिशियससारख्या जातीला ७ अंशांखालचे हजाराच्या आसपास तास लागतात, अ‍ॅना या इस्रायली जातीला दोन-तीनशे. एचआरएमएन-९९ कमी थंडीत येते. आपल्याकडे तेवढीही थंडी सगळीकडे पडत नाही, मग ‘डोळे फोडण्याचं’, म्हणजे झोपलेले डोळे जबरदस्तीनं फुटवण्याचं औषध पुढे येतं. द्राक्षवाल्यांना हायड्रोजन सायनामाइड ओळखीचं आहे. ते किती जहाल आहे आणि लावलेल्या दिवसांत दारूचा थेंबही का चालत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. सफरचंदावर सगळ्यांनी ते ओढून-ताणून वापरायची गरज मला वाटत नाही. जावा बेटावर मलांगजवळ बाटू भागात थंडीची झोप न देता सफरचंद पिकतं, वर्षाला दोन बहार. तिथे फळ काढल्यावर महिनाभरानं झाडाची पानं हातानं ओरबाडून काढतात आणि झाडाला झोपूच न देता पुन्हा फुलवतात. आपण डाळिंबाला ताण देऊन पानगळ करतो, त्याच्या जवळचीच ही कला. दहा झाडांवर करून पाहा. मजुरी लागते, पण पैसा गावातच राहतो.

आणि नव्यानं लावू पाहणाऱ्यांना एवढंच, की खोल काळी, चिबड, चुनखडीची जमीन असेल तर सफरचंद लावू नका. सफरचंदाला साडेपाच ते साडेसहा सामूची (पीएच) निचऱ्याची जमीन मानवते. मुरमाड उताराची असेल तर हात-दीड हात उंच गादीवाफ्यावर, सांधा वीतभर वर ठेवून, आधी दहाच झाडं. दोन पावसाळे बघा, मग एकराचा विचार करा. बाजूला अ‍ॅना किंवा डॉर्सेट गोल्डनची एकदोन झाडं परागासाठी असू द्या, एचआरएमएन एकटी फळते असं कुणी कितीही सांगितलं तरी.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा घरात बसू नका. घोंगडी किंवा प्लॅस्टिक घ्या, फावडं घ्या आणि पाऊस चालू असतानाच बागेत चक्कर मारा. कोणत्या बुंध्याशी पाणी थांबतंय, कुठून बागेत शिरतंय, चारी कुठे तुंबली आहे, हे त्याच तासात दिसतं. सकाळी गेलात तर माती सगळीकडे सारखीच ओली असते. जिथे पाणी उभं दिसेल त्या झाडाला लाल चिंधी बांधा आणि उघडीप मिळाली की पहिला चर तिथून काढा.